धूर घरात कशाला कोंडता?



कांद्याची चाळ बांधताना आपण किती काळजी घेतो ते आठवा. खालून वारा खेळावा म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचलून घेतो. दोन्ही अंगांना बांबूच्या पट्ट्या मारतो. कांद्याचा थर पाच फुटांच्या वर रचत नाही, कारण आत वाफ कोंडली की कांदा सडतो हे आपल्याला अनुभवाने पक्के ठाऊक आहे. कोंबड्यांच्या शेडला जाळी ठेवतो. गोठ्यात वाऱ्याला वाट ठेवतो. एवढे सगळे करून तोच शेतकरी घरी येतो, आणि त्याच्या स्वयंपाकघरात काय दिसते? कोपऱ्यात चूल, भिंतीत वीतभर झरोका, तोही मांजर येते म्हणून चिंध्या कोंबून बंद केलेला. चुलीपुढे घरची लक्ष्मी पदराने डोळे पुशीत भाकरी थापते आहे आणि तिच्या मांडीला टेकून लहानगे खोकते आहे.

कांद्याला वारा लागतो हे ज्याला कळते, त्याला घरच्या माणसाला वारा लागतो हे कळू नये, असे कसे होईल? कळते सगळे. पण धुराची सवय झालेली असते. आजीने धूर सोसला, आईने सोसला, आता सून सोसते आहे. म्हणून या खेपेला पिकाचा विषय बाजूला ठेवून घरातल्या हवेविषयी चार गोष्टी सांगणार आहे. यातल्या बऱ्याचशा बिनखर्चाच्या आहेत.

धुरात असते तरी काय?

लाकूड पुरते जळले तर राख, वाफ आणि कर्बवायू एवढेच उरते. पण चुलीत लाकूड कधीच पुरते जळत नाही. हवा कमी पडते, सरपण ओले असते, चूल कोंबलेली असते. मग अर्धवट जळालेल्या लाकडाचे बारीक कण हवेत तरंगतात. त्यांतले सर्वांत घातक कण अडीच मायक्रॉन किंवा त्याहूनही बारीक असतात. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. नाकातल्या केसांना ते अडत नाहीत. थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात आणि काही तर रक्तातही उतरतात.

घरातल्या हवेत असे कण किती असावेत, याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली नव्याने सांगितली. एक घनमीटर हवेत वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. चूल पेटलेल्या कोंदट स्वयंपाकघरात हाच आकडा शेकड्यांत जातो. याच संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभर सुमारे ३२ लाख माणसे अकाली गेली. त्यांत पाच वर्षांखालची मुले दोन लाखांहून अधिक होती. धुराच्या घरातल्या मुलाला न्यूमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. मोठ्या माणसांना जुनाट खोकला, दमा आणि मोतीबिंदू यांचा त्रास वाढतो. बिडीला कधी हात न लावलेल्या बाईचा दम चार पायऱ्या चढताना लागतो, तेव्हा तिने वर्षानुवर्षे गिळलेला धूर आठवावा.

आपल्या घरात किती धूर कोंडतो हे पाहायला यंत्र नको. चुलीवरच्या आढ्याकडे आणि वाशांकडे पाहा. तिथे काळी जळमटे लोंबत असतील, तर तोच काळा थर छातीतही बसतो आहे असे समजा.

वाऱ्याला दोन दारे हवीत

पाटाचे पाणी शेतात यायला जसे एक तोंड लागते आणि जादा पाणी निघून जायला दुसरे, तसेच वाऱ्याचे आहे. एकच खिडकी असली तर वारा दारातच घुटमळतो. समोरासमोर दोन वाटा असल्या तर तो घरातून आरपार जातो. धूर गरम असल्यामुळे वर चढतो. म्हणून हवा आत येण्याची वाट खाली असावी आणि धूर बाहेर जाण्याची वाट छताजवळ असावी.

बांधकामाचा साधा हिशेब असा. कोरड्या उष्ण भागात खोलीच्या जमिनीच्या एक दशांश इतकी उघडी जागा खिडक्या-झरोक्यांची असावी. कोकणासारख्या दमट भागात ती एक षष्ठांश असावी. म्हणजे दहा फूट बाय दहा फुटांच्या स्वयंपाकघराला घाटावर दहा चौरस फूट आणि कोकणात सुमारे सतरा चौरस फूट उघडी जागा हवी. नवीन घर किंवा घरकुल बांधत असाल तर गवंड्याला हे आधीच सांगा. भिंत उभी राहिल्यावर ती फोडणे जिवावर येते.

घर जुने असेल तरी वाट काढता येते. कौलारू घरात चुलीच्या वरची चार-सहा कौले उचलून धरून धुराला फट ठेवा आणि त्यावर हातभर उंचीवर पत्र्याची छोटी टोपी बसवा, म्हणजे पाऊस आत येणार नाही. पत्र्याच्या घरात भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये वीतभर जागा मोकळी ठेवून जाळी लावा. माळवदाच्या घराला आपल्या पूर्वजांनी साणे ठेवलेले असते. ते पावसाच्या भीतीने फरशी टाकून कायमचे बुजवू नका. मांजर-उंदरांसाठी जाळी बसवा, चिंध्या कोंबू नका.

वारा कुठून येतो आणि कुठे जातो हे पाहण्याची सोपी युक्ती सांगतो. चूल विझलेली असताना स्वयंपाकघराच्या मधोमध एक उदबत्ती पेटवून ठेवा आणि तिच्या धुराची रेघ पाहा. रेघ सरळ वाटेने बाहेर गेली तर ठीक. ती खोलीतच गोल फिरत राहिली, किंवा माजघराकडे वळली, तर झरोका कुठे पाडायचा ते तुम्हाला आपोआप कळेल.

सरपण वाळवा, चूल कोंबू नका

नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. आधी ते पाणी उकळून जाते, मग लाकूड पेटते. म्हणजे तुमचे निम्मे कष्ट पाणी उकळण्यात जातात आणि धूर फुकट मिळतो. लाकूड फोडून, मनगटाएवढे किंवा त्याहून बारीक करून, उन्हात वाळवा. पावसाळ्याचे सरपण उन्हाळ्यातच आच्छादनाखाली, जमिनीपासून उंच रचून ठेवा. पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या कडक वाळल्या की चांगल्या जळतात. ओलसर गोवरीचा धूर सर्वांत वाईट, हे भगिनींना सांगायला नको.

चुलीच्या तोंडात सरपण गच्च भरू नका. खालून हवा शिरली पाहिजे. चुलीच्या तळाशी लोखंडी जाळी टाकली की राख खाली पडते, हवा वर येते आणि ज्योत पिवळीधमक होते. ज्योत जितकी स्वच्छ तितका धूर कमी.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने बंद करा. चूल पेटवण्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी, रबराचा तुकडा, खताची गोणी वापरू नका. औषधाची रिकामी डबी तर मुळीच नको. त्यांच्या धुरात जे विष असते ते लाकडाच्या धुरात नसते. पेटवणाला वाळलेली नारळाची शेंडी, कणसाची वाळकी साले किंवा काटक्या पुरतात.

जाळच कमी लागला तर धूरही कमी. डाळ दोन-तीन तास आधी भिजवा. भांड्यावर झाकण ठेवा. भाताला उकळी आली की भांडे उतरवून, भुसा किंवा वाळके गवत गच्च भरलेल्या खोक्यात ठेवा आणि वरून गोधडी घाला. भात त्याच उष्णतेवर शिजतो. आणि हे करताना मूल चुलीपासून दूर, दारापाशी किंवा ओसरीवर ठेवा.

निर्धूर चुलीचे काय झाले?

१९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. गावोगाव धुराड्याच्या चुली बसल्या. त्यांतल्या कित्येक पुढे मोडल्या. कारण साधे होते. धुराडे काजळीने भरले, ते कुणी झाडले नाही, आणि धूर उलटा घरात येऊ लागला. मग चुलीला दोष दिला गेला. धुराडे असेल तर ते छपराच्या वर किमान दोन फूट गेले पाहिजे, त्यावर टोपी पाहिजे आणि महिन्यातून एकदा बांबूला चिंधी बांधून आतून झाडले पाहिजे. इंजिनाचे तेल आपण वेळेवर बदलतो ना? तसेच हे समजा.

गॅस आहे, पण भाकरी चुलीवर

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि देशात दहा कोटींहून अधिक घरांत गॅस पोहोचला. तरीही २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या १०० घरांपैकी सुमारे ५९ घरेच स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरताना आढळली. पुष्कळ घरी सिलिंडर कोपऱ्यात असतो, चहा गॅसवर होतो, आणि भाकरी, जनावरांचे आंबोण व अंघोळीचे पाणी चुलीवर. सिलिंडरच्या भावाची अडचण मला माहीत आहे. सगळे एकदम बदला असे मी म्हणत नाही. पण निदान दोन गोष्टी करा. ज्या कामाला सर्वांत जास्त वेळ चुलीपुढे बसावे लागते, ते आधी गॅसवर न्या. आणि पाण्याची व आंबोणाची चूल स्वयंपाकघरातून उचलून परसात छपराखाली मांडा.

गॅसबद्दल एक सूचना. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर तो जमिनीलगत साचतो. वास आला तर काडी ओढू नका, विजेचे बटण दाबू नका. दारे उघडा, सिलिंडर बंद करा आणि बाहेर या.

घरी चार-पाच मोठी जनावरे असतील तर गोबरगॅसचा विचार जरूर करा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. त्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. शिवाय शेण जळून जात नाही. त्याची स्लरी होते आणि ती उत्तम खत असते. गोवरी जाळली म्हणजे शेताचे खत जाळले, हे मी तीस वर्षे सांगत आलो आहे. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करा. थंडीत गॅस कमी निघतो, तेवढे धरून चाला.

बाळंतिणीची खोली

आता एका नाजूक विषयाकडे येतो. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आपण खोलीची दारे-खिडक्या बंद करतो, झरोक्याला बोचके लावतो आणि आत निखाऱ्याची शेगडी ठेवतो. वर ओवा, शेपा टाकून धुरी देतो. यामागची माया खरी आहे. पण बंद खोलीतल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आपल्या रक्तात तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. माणूस झोपला असे बाकीच्यांना वाटते. लहान बाळ तर रडूनही सांगू शकत नाही.

एका गावच्या महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय काढला, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "साहेब, आमची सात बाळंतपणं शेगडीवरच झाली. आम्हाला काय झालं?" मी विचारले, "आजी, तेव्हा घर कुडाचं होतं की सिमेंटचं?" आजी हसल्या. म्हणाल्या, "कुडाचं. भिंतीतून चांदणं दिसायचं." बस्स, सगळे उत्तर त्यातच आहे. कुडाच्या भिंतीतून वायू निघून जात होता. आता भिंती सिमेंटच्या झाल्या, दारे घट्ट बसू लागली, आणि शेगडी तीच राहिली.

तेव्हा बाळ-बाळंतिणीला ऊब द्यायची तर गोधडी, टोपी, मोजे आणि आईच्या अंगाची ऊब द्या. शेक द्यायचा तर शेगडी बाहेर ठेवून, कापड गरम करून आत आणा. बाळाला धुरी नको. खोलीत निखारा ठेवून रात्री कुणीही झोपू नये, मग ती बाळंतीण असो की थंडीत राखणीला गेलेला गडी असो. बंद खोलीत दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले तर दारे उघडून सर्वांना मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

धान्याची कोठी आणि औषधाची बाटली

पुष्कळ घरांत झोपायची खोली आणि धान्याची खोली एकच असते. धान्यात किडे झाले की कुणीतरी विषारी गोळ्या आणून पोत्यांत टाकतो. अॅल्युमिनियम फॉस्फाइडची तीन ग्रॅमची एक गोळी हवेतल्या ओलाव्याने सुमारे एक ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. या वायूवर उतारा नाही. राहत्या घरात, माणसे-जनावरे झोपतात त्या जागी, ही गोळी कदापि वापरू नका. ते काम प्रशिक्षित माणसाचे आणि बंद गोदामातले आहे.

गोळीची गरजच पडू नये असे करा. धान्य दहा-बारा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा. दाताखाली दाणा कडकन फुटला पाहिजे. वाळलेले धान्य गार झाल्यावर स्वच्छ पत्र्याच्या कोठीत किंवा हवाबंद पिशवीत भरा. हवाच आत गेली नाही तर किडा जगत नाही.

फवारणीची औषधे घरात, फडताळावर किंवा खाटेखाली ठेवू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हे विष तोंडावाटे तर जातेच, पण श्वासातून आणि कातडीतूनही जाते. औषधे घराबाहेर, कुलपात ठेवा. फवारणीचे कपडे घरात टांगू नका, वेगळे धुवा.

कापूस पिकवणाऱ्या बांधवांनाही एक सांगणे आहे. भाव वाढेल या आशेने कापूस माजघरात छतापर्यंत रचून त्यावरच मुले झोपतात. त्याची बारीक धूळ श्वासात जाते, अंगाला खाज सुटते. जागा नसेल तर कापूस एका खोलीत ठेवून दार लावा, आणि त्या खोलीत झोपू नका. बुरशी लागलेला कडबा घरालगत झटकू नका. त्या बुरशीच्या धुळीने दमा उठतो. झटकताना नाका-तोंडाला दुहेरी कापड बांधा आणि वाऱ्याकडे पाठ करा.

डास, उदबत्ती, मशेरी

"धुराने डास पळतात," असे म्हणतात. काही पळतातही. पण मच्छर अगरबत्तीच्या एका वेटोळ्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले आहे. बंद खोलीत उशाशी असे वेटोळे जाळून मूल निजवणे कितपत शहाणपणाचे? त्यापेक्षा मच्छरदाणी बरी. एकदा घेतली की वर्षे टिकते. सांडपाण्याला शोषखड्डा करा, म्हणजे डास मुळातच कमी होतील. गोठ्यात संध्याकाळी धूर करायचाच असेल तर तो वाऱ्याच्या दिशेने घरात येणार नाही असे पाहा.

देवापुढची उदबत्ती लावावी, पण खिडकी उघडी ठेवून. मशेरी घरात भाजू नये. तंबाखू भाजतानाचा धूर घरातल्या पोराटोरांच्याही छातीत जातो. खरे तर मशेरीच सुटली तर फारच उत्तम. बिडी ओढणाऱ्याने निदान उंबऱ्याबाहेर जावे.

काही वाचक विचारतात की घरात झाडाची कुंडी ठेवली तर हवा शुद्ध होते का? १९८९ साली अमेरिकेत हवाबंद पेटीत तसे प्रयोग झाले होते. पण आपले घर हवाबंद पेटी नाही. चार कुंड्यांनी चुलीचा धूर जात नाही. दारची तुळस असू द्या, रस्त्याच्या बाजूला धूळ अडवायला मेंदीचे कुंपण लावा, पण झरोक्याची जागा कुंडी घेऊ शकत नाही.

झाडताना आधी हलका सडा मारा, म्हणजे धूळ उडणार नाही. वर्षातून एकदा भिंतींना चुना द्या. चुन्याने बुरशी धरत नाही आणि पांढऱ्या भिंतीवर काजळी लगेच दिसते. पावसाळ्यात उघडीप मिळाली की अंथरुणे उन्हात टाका.

बंधूंनो, हे तुमचे काम आहे

शेवटी बंधूंना सांगतो. आजपर्यंत चुलीची गोष्ट ही बायकांची म्हणून आपण सोडून दिली. पण भिंत फोडणे, कौल उचलणे, सरपण फोडून वाळवणे, धुराडे झाडणे ही कामे कुणाची? येत्या अमावास्येला किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी, शेतावरून सुट्टी असेल तेव्हा, एक काम करा. सकाळी भाकरी होत असताना चुलीपुढे पाटावर अर्धा तास बसा. मोबाईल बघू नका, काही बोलू नका, फक्त बसा. डोळे चुरचुरले की उठून बाहेर येऊ नका, भाकरी संपेपर्यंत बसा. त्यानंतर झरोका कुठे पाडायचा हे मला विचारायची तुम्हाला गरज पडणार नाही.

पुढच्या अंकात हळदीच्या बेण्याच्या साठवणीविषयी सांगेन. त्यालाही वारा लागतोच!